भरती पुढे ढकलली आहे

सैन्य कमी करू या, असं कुणी उघड म्हणत नाही. कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात ते सापडणार नाही, संसदेत त्यावर मतदान होणार नाही. सैन्य कमी होतं ते एका साध्या सूचनेनं: भरती मेळावा पुढे ढकलण्यात आला आहे, नवी तारीख यथावकाश कळवण्यात येईल. करोनाच्या काळात, 2020-21 आणि 2021-22 या दोन वर्षांत, भारतीय लष्करात जवानांची भरती झालीच नाही. त्याआधीच्या वर्षी 80 हजारांवर मुलं घेतली होती. निवृत्ती मात्र करोनासाठी थांबली नाही. दरवर्षी साधारण 60 हजार जवान वर्दी उतरवून घरी येत राहिले. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे अलीकडे आलेले आकडे पाहिले तर मंजूर संख्येपेक्षा लष्करात सुमारे एक लाख माणसं कमी आहेत. ब्रिटनचं अख्खं नियमित लष्कर आज याहून लहान आहे. एवढी मोठी कपात कुणी ठरवली, कशासाठी ठरवली, तिच्यातून काय साधायचं होतं, याची जाहीर चर्चा कुठं झाली असेल तर माझ्या वाचनात आलेली नाही. कुणी ठरवलीच नाही. ती होऊन गेली.

ठाणे-वाशी लोकलमध्ये किंवा घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या आवारात हा विषय निघाला की उत्तर तयार असतं: आता ड्रोनचा जमाना आहे, एवढी फौज पोसायची कशाला? असं म्हणणारी माणसं अडाणी नसतात. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत काम करणारी, दहा जणांचं काम सॉफ्टवेअरकडून करून घेण्याची सवय झालेली ही मंडळी आहेत. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या चार दिवसांत टीव्हीवर जे दिसलं तेही त्यांच्याच बाजूचं होतं. क्षेपणास्त्रं गेली, ड्रोन आले, ते पाडले गेले, आणि एकाही पलटणीनं सीमा ओलांडली नाही. मग बारा लाखांचं लष्कर कशाला, हा प्रश्न पडणारच. प्रश्नाला माझी हरकत नाही. 'कशालाच नाही' हे त्याचं उत्तर मनातल्या मनात धरून चालण्याला आहे.

त्याच आठवड्यात आपल्या दारात आणखी एक गोष्ट झाली. 7 मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव घेण्यात आला, एवढ्या मोठ्या प्रमाणावर 1971 नंतर पहिल्यांदाच. केंद्राच्या यादीत उरण आणि तारापूर ही नावं मुंबईच्या बरोबरीनं पहिल्या गटात होती, ठाणे दुसऱ्या गटात. कारण उघड आहे. उरणच्या अंगाला जेएनपीए बंदर आहे, ओएनजीसीचा प्रकल्प आहे, करंजाला नौदलाचा शस्त्रसाठा आहे; तारापूरला अणुवीज केंद्र आहे. सरावात भोंगा वाजला आणि बऱ्याच जणांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. हसू येतं, पण दोष लोकांचा नाही. 1971 च्या ब्लॅकआउटमध्ये ज्यांनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले, गल्लीतून फिरत 'दिवे बंद करा' म्हणून आरोळ्या दिल्या, ते तेव्हाचे तरुण वॉर्डन आता ऐंशीच्या घरात आहेत किंवा नाहीत. मधल्या 54 वर्षांत ती यंत्रणा कुणी मोडीत काढली नव्हती. कागदावर नागरी संरक्षण दल होतंच. एकानं दुसऱ्याला हाताला धरून शिकवायचं, ते तेवढं थांबलं होतं.

लष्कराचंही असंच होतं, आणि माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्यावर उभं आहे. माणसांचा आकडा कमी केला तर तो पुन्हा वाढवता येतो. आकड्याबरोबर जी वर्षं जातात ती परत येत नाहीत.

आमच्या सोसायटीचे सिक्युरिटी सुपरवायझर पाटण तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. (आपल्या भागात अशी माणसं पावलोपावली भेटतात. सातारा-सांगलीकडचा माथाडी जसा वाशीच्या मार्केटात आला, तसा तिकडचाच निवृत्त फौजी ठाण्या-खारघरच्या गेटवर आला. देशानं पंचवीस वर्षं खर्चून घडवलेला माणूस आपण डिलिव्हरीवाल्या पोरांची वही भरायला बसवतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) त्यांना मी एकदा विचारलं, सुभेदारसाहेब, प्लाटूनमध्ये हवालदार नक्की करतो काय? ते म्हणाले, पाय बघतो. सियाचिनच्या पोस्टवर रोज रात्री मोजे काढायला लावायचे आणि एकेका पोराच्या पायाची बोटं टॉर्च मारून बघायची. पोरं आपणहून सांगत नाहीत. बोट काळं पडायला लागलं तरी दडवतात, खाली पाठवतील म्हणून. "लेफ्टनंटसाहेब चांगले असतात हो, पण ते स्वतःच तेवीस वर्षांचे. काय बघायचं ते त्यांना कोण सांगणार?"

असा हवालदार, म्हणजे जवानातूनच बढती मिळत वर आलेला अनुभवी माणूस, भरती झाल्यापासून साधारण बारा-पंधरा वर्षांनी तयार होतो. विमान आयात करता येतं, तोफ आयात करता येते, दारूगोळा तातडीच्या खरेदीत निदान चढ्या भावानं तरी मिळतो. पंधरा वर्षांची सर्व्हिस झालेला हवालदार जगात कुठल्याच देशाकडे विकायला नसतो. 2020 आणि 2021 मध्ये जी मुलं भरती झाली नाहीत, त्यांच्यातले हवालदार 2034-35 च्या सुमारास मिळायचे होते. ती उणीव आज कुणाच्या नजरेस येणार नाही. जेव्हा येईल, तेव्हाचे संरक्षणमंत्री आज कुठल्या तरी विधानसभेत मागच्या बाकावर बसलेले असतील.

माझगाव डॉकचं उदाहरण तर आपल्या लोकलमधलंच म्हणायचं. तिथले कितीतरी कामगार ठाणे, कल्याण, पनवेलहून रोज जातात. 1981 मध्ये जर्मनीशी पाणबुड्यांचा करार झाला. दोन पाणबुड्या तिकडे बांधायच्या, दोन माझगावला. आपले वेल्डर, फिटर, अभियंते जर्मनीत जाऊन शिकून आले. पाणबुडीच्या सांगाड्याचं वेल्डिंग हे साध्या जहाजाच्या वेल्डिंगसारखं नसतं. खोल समुद्रातला दाब त्या सांध्यावर येतो, त्यामुळे एकेक सांधा क्ष-किरणांखाली तपासला जातो आणि नापास झाला की कापून पुन्हा जोडावा लागतो. हे पुस्तक वाचून येत नाही. माझगावची 'शाल्की' 1992 मध्ये नौदलात आली, 'शंकुल' 1994 मध्ये. आणखी दोन बांधायचा विचार होता. पण तोवर त्या करारातल्या दलालीचं प्रकरण गाजलं होतं, शीतयुद्ध संपलं होतं, देशाची तिजोरी ओढगस्तीत होती. काम थांबलं. जर्मनीत शिकून आलेली माणसं कुणी निवृत्त झाली, कुणी दुसऱ्या कामाला लागली. 2005 मध्ये फ्रेंच आराखड्याच्या सहा पाणबुड्यांचा करार झाला तेव्हा सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. पहिली 'कलवरी' 2012 मध्ये मिळायची होती, ती डिसेंबर 2017 मध्ये आली. 'शंकुल' ते 'कलवरी', 23 वर्षं. आणि जानेवारी 2025 मध्ये सहावी 'वागशीर' दाखल झाली तेव्हा पुढच्या मालिकेचा करार अजून झालेलाच नव्हता. इतक्या कष्टानं पुन्हा तयार झालेल्या वेल्डरांचं काय करायचं ठरलंय, हे विचारायला हवं.

हवाई दलाचं चित्र आणखी उघडं आहे. लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, 42. चंदीगडला 26 सप्टेंबर 2025 रोजी मिग-21 ला निरोप दिला गेला, त्यानंतर उरल्या 29. 1963 पासून उडणारं विमान निवृत्त करणं योग्यच होतं, खरं तर फार उशिरा झालं. पण त्याच्या जागी यायचं तेजस वेळेवर आलं नाही. नाशिकच्या कारखान्यातून पहिलं सुधारित तेजस उडालं ते त्या निरोपानंतर तीन आठवड्यांनी. इथंही 29 हा आकडा कुणी ठरवलेला नाही.

आता ड्रोनचा मुद्दा. 15 जून 2020 च्या रात्री गलवानच्या खोऱ्यात आपले 20 जवान मारले गेले ते दगड, काठ्या आणि खिळे ठोकलेल्या दांडक्यांच्या मारामारीत. दोन अण्वस्त्रधारी देश, दोघांकडे उपग्रह, दोघांकडे क्षेपणास्त्रं, आणि शेवटी नदीकाठच्या चिंचोळ्या जागेत कोण किती माणसं उभी करतो यावर गोष्ट आली. त्यानंतर लडाखमध्ये हजारो जादा जवान पाठवावे लागले आणि ते तिथले हिवाळे काढत राहिले. हे जवान आकाशातून पडले नाहीत. अतिरेक्यांशी लढण्यासाठी असलेल्या राष्ट्रीय रायफल्सचं एक दल जम्मू भागातून उचलून लडाखला नेलं. 2021 पासून पूंछ-राजौरीच्या जंगलांत, जिथं बरीच वर्षं शांतता होती, लष्करी गाड्यांवर दबा धरून हल्ले सुरू झाले. दोन्हींचा संबंध शंभर टक्के आहे असं मी म्हणत नाही. अतिरेक्यांची स्वतःची गणितं असतात. पण पांघरूण आखूड असलं की डोकं झाकताना पाय उघडे पडतात, हे ज्यानं थंडीत रात्र काढलीय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

युक्रेनमध्ये आजवरच्या कुठल्याही युद्धापेक्षा जास्त ड्रोन उडताहेत. तरीही एप्रिल 2024 मध्ये त्या देशाला सक्तीनं सैन्यात बोलावण्याचं वय 27 वरून 25 वर आणावं लागलं, कारण खंदकात बसायला माणसं पुरत नव्हती. ड्रोन चालवायला, दुरुस्त करायला, त्याची बॅटरी आघाडीपर्यंत वाहून न्यायलाही माणूसच लागतो. याच युक्रेननं 2013 च्या शरदात सक्तीची लष्करी सेवा बंद केली होती. पुढच्याच वसंतात क्रिमिया गेला. तेव्हाच्या हंगामी संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की लढायला तयार असे सहा हजार सैनिक आहेत. मे 2014 मध्ये सक्तीची सेवा पुन्हा सुरू झाली, पण गेलेला प्रदेश त्यामुळे परत आला नाही.

परदेश कशाला, ठाण्याचंच बघा. आज जिथं मध्यवर्ती कारागृह आहे तो ठाण्याचा किल्ला. मार्च 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजा साष्टी बेटावर उतरल्या तेव्हा पोर्तुगीज हा किल्ला बांधतच होते. अपुऱ्या तटाचा आणि अपुऱ्या शिबंदीचा फायदा मराठ्यांनी घेतला. वसईसाठी मात्र मे 1739 पर्यंत झुंजावं लागलं, आणि त्या मोहिमेत मानाजी आंग्र्यांच्या आरमाराची मदत झाली. हा इतिहास आपण दरवर्षी अभिमानानं सांगतो. पुढचा भाग सांगताना मात्र आवाज खाली येतो. फेब्रुवारी 1756 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांना विजयदुर्गात कोंडलं आणि बंदरातलं आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरं. पण पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना रोखणारी जी ताकद होती ती आपल्याच मदतीनं संपली. धुळपांनी नंतर विजयदुर्गला पेशव्यांचं आरमार उभं केलं, चांगली झुंजही दिली, तरी समुद्रावरचा इंग्रजांचा वरचष्मा काही मोडला नाही. डिसेंबर 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. विजयदुर्ग ते ठाणे, 18 वर्षं. आरमार जळालं त्या दिवशी पुण्यात कुणाला ठाण्याची काळजी वाटली असेल, असं मला वाटत नाही.

1962 च्या चीन युद्धाचं उदाहरण तर सगळेच देतात, पण बहुतेक जण ते अर्धवट देतात. पंतप्रधान नेहरू आणि संरक्षणमंत्री मेनन यांनी सैन्याकडे दुर्लक्ष केलं, एवढं म्हणून मोकळं होता येत नाही. पन्नासच्या दशकात संरक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास ठेवला होता आणि त्यामागचं कारण चुकीचं नव्हतं. देश उपाशी होता, धरणं बांधायची होती, पोलादाचे कारखाने काढायचे होते. गफलत झाली ती पुढे. 1959 मध्ये ईशान्य सीमेची जबाबदारी लष्कराकडे दिली गेली. काम एकदम कितीतरी पटींनी वाढलं, हात तेवढेच राहिले. म्हणजे सैन्यातला एकही माणूस कमी न करता सैन्य छोटं करता येतं. ऑक्टोबर 1962 मध्ये नामका चू नदीवर ब्रिगेडियर दळवींची ब्रिगेड चिन्यांसमोर उभी राहिली तेव्हा कित्येक जवानांच्या अंगावर त्या उंचीवर लागणारे गरम कपडे नव्हते आणि हातात पहिल्या महायुद्धाच्या पिढीची .303 रायफल होती.

मग सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला. यशवंतराव चव्हाणांनी 21 नोव्हेंबर 1962 ला संरक्षण खात्याची सूत्रं घेतली, त्याच दिवशी चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. त्यांनी जे केलं त्याचं मोल आपण भाषणात सांगतो, हिशेबात मांडत नाही. संरक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांच्या घरात गेला. सव्वाआठ लाखांचं लष्कर, नव्या डोंगरी डिव्हिजन, हवाई दलाच्या 45 स्क्वाड्रन असं लक्ष्य ठेवलं गेलं. अधिकारी पुरेनात म्हणून कॉलेजातल्या मुलांना काही महिन्यांच्या कोर्समधून तातडीचं कमिशन दिलं. त्यासाठी पुण्याला आणि मद्रासला नव्या प्रशिक्षणशाळा उघडल्या. आपल्या राज्यात वरणगाव, भंडारा इथले दारूगोळ्याचे कारखाने याच दशकात उभे राहिले. ठाणे जिल्ह्यातली अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी त्याआधीच सुरू झाली होती, तिच्या पाळ्या वाढल्या नसत्या तरच नवल. वाचवलेला पैसा असा दामदुपटीनं बाहेर गेला, आणि तोही अशा वेळी की वाटाघाटी करायला सवड नव्हती. 1965 मध्ये पाकिस्ताननं आगळीक केली तेव्हा या नव्या सैन्याला उभं राहून तीन वर्षंही झाली नव्हती.

ब्रिटिशांचा एक किस्सा आपल्या बंदराशी येऊन थांबतो. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये, त्यांच्या सरकारनं ठरवलं की पुढची दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही असं धरून संरक्षणाचा खर्च करायचा. 1928 मध्ये ही मुदत रोज आपोआप पुढे सरकेल अशी व्यवस्था झाली, म्हणजे युद्ध कायमच दहा वर्षं लांब. आणि हा आग्रह धरणारे अर्थमंत्री होते चर्चिल! 1932 मध्ये हा नियम रद्द झाला, हिटलर सत्तेवर यायच्या जेमतेम वर्षभर आधी. एवढ्यावर ते शिकले असं समजू नका. 1981 च्या फेरआढाव्यात त्यांनी दक्षिण अटलांटिकमधलं 'एन्ड्युरन्स' हे एकुलतं जहाज मागे घ्यायचं जाहीर केलं, 'इन्व्हिन्सिबल' ही विमानवाहू नौका ऑस्ट्रेलियाला विकायचं ठरवलं, तशीच दुसरी 'हर्मीस' मोडीत काढायची होती. अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी या जाहिरातीचा अर्थ लावला आणि 2 एप्रिल 1982 ला तिथल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवलं. ती बेटं परत घ्यायला जो काफिला गेला त्याचं प्रमुख जहाज होतं तीच 'हर्मीस'. काही महिन्यांनी ती भंगारात निघाली असती. पुढे आपण ती विकत घेतली आणि 'विराट' नावानं ती 2017 पर्यंत आपल्या नौदलात राहिली. मुंबईच्या बंदरात तिला पाहिलेले वाचक इथं बरेच असतील. मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो 'एन्ड्युरन्स'चा. छोटं, लढाईच्या दृष्टीनं जवळपास निरुपयोगी जहाज. ते काढून घेतल्यानं ताकद फारशी घटली नाही. समोरच्याला मात्र संदेश गेला की यांना आता यात रस नाही.

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा पैशाचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. 2025-26 चं संरक्षणाचं अंदाजपत्रक 6.81 लाख कोटी रुपयांचं. त्यातले सुमारे 1.61 लाख कोटी निवृत्तिवेतनात जातात आणि नव्या शस्त्रांसह सगळ्या भांडवली खर्चाला 1.80 लाख कोटी उरतात. पेन्शन आणि नवी शस्त्रं जवळजवळ बरोबरीला आली आहेत, हे कुणाही शहाण्या माणसाला काळजीत टाकणारं आहे. शहापूरच्या पाड्यांवर, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणांच्या कुशीत, उन्हाळ्यात टँकर जातो. त्या टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला पाणबुडीच्या वेल्डिंगचं महत्त्व सांगायला मी जाणार नाही. माणसं कमी करून वाचलेल्या पैशातून चांगली शस्त्रं घ्यावीत, हा विचार म्हणूनच गैर नाही.

फक्त तो एकदा करून पाहिला गेला आहे. 1998 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी 50 हजार जागा न भरण्याचा निर्णय स्वतः घेतला. वाचलेला पैसा आधुनिकीकरणाला मिळावा ही अपेक्षा होती. पुढच्याच वर्षी कारगिल झालं. 527 जवान गेले. युद्ध चालू असताना दारूगोळ्याची टंचाई इतकी होती की मलिक यांना पत्रकारांसमोर सांगावं लागलं, आमच्याकडे जे आहे त्यानिशी लढू. माणसंही कमी, शस्त्रंही नाहीत, अशी अवस्था त्या निर्णयानं केली. 1986 मध्ये बोफोर्स घेतल्यानंतर पुढची नवी परदेशी तोफ आपल्या लष्करात 2017 मध्ये आली. आणि कारगिलनंतर सुधारलं म्हणावं, तर सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं सप्टेंबर 2016 ची स्थिती तपासली तेव्हा दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकार दहा दिवसही पुरले नसते. जवानाच्या नावानं वाचवलेला रुपया तोफेपर्यंत पोचतोच असं नाही. वाटेत त्याला अनेक हात लागतात, आणि त्यातले सगळे काही चोर नसतात. रस्ता, अनुदान, निवडणूक, प्रत्येकाची निकड खरीच असते.

नीट कपात कशी करतात याची उदाहरणं आहेत. चीननं सप्टेंबर 2015 मध्ये तीन लाख सैनिक कमी करायची घोषणा केली. पण त्याच वर्षांत संरक्षणाचा खर्च वाढत राहिला, नौदल आणि क्षेपणास्त्र दल फुगत गेलं. तिथं आधी नवं उभं राहिलं, मग जुनं निघालं. आपल्याकडेही लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर यांच्या समितीनं 2016 मध्ये असाच विचारपूर्वक आराखडा दिला. सुमारे 57 हजार जणांना बिनलढाऊ कामातून काढून लढाऊ कामाला लावायचं, दुधासाठी लष्कर पाळत होतं ते गोठे बंद करायचे. गोठे बंद झालेही. एकविसाव्या शतकात लष्करानं गाई राखाव्यात असं कुणीच म्हणणार नाही. पण याच समितीनं संरक्षणाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच ते तीन टक्क्यांवर न्यावा असंही सुचवलं होतं. तो आज दोन टक्क्यांखाली आहे. अहवालातलं कपातीचं पान फाटून हातात आलं, वाढीचं पान फायलीतच राहिलं.

कल्याणजवळच्या नेवाळीचा प्रसंगही इथं आठवतो, जरी तो थोडा वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं तिथल्या जमिनी धावपट्टीसाठी घेतल्या. युद्ध संपलं, धावपट्टी पडून राहिली, शेतकरी पुन्हा कसू लागले, दोन पिढ्या गेल्या. जून 2017 मध्ये नौदलानं कुंपण घालायला घेतलं तेव्हा आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गाड्या जळल्या. शेतकऱ्यांचं म्हणणं मला पटतं. सत्तर वर्षं जी जागा तुम्हाला लागली नाही ती आज अचानक कशी लागते? नौदलाकडेही कागद आहेत. शांततेच्या काळात सरकारनं जागेचा निकाल लावला नाही, ना परत देऊन, ना वापरून. अशा प्रत्येक ढिलाईची किंमत पुढं गावकरी आणि जवान एकमेकांसमोर उभे राहून मोजतात.

या सगळ्यात जवानांना चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना कुठं बसते? 2022 मध्ये ती आली तेव्हा मी विरोधात नव्हतो आणि आजही सरसकट विरोधात नाही. लष्कराचं सरासरी वय 32 वरून 26 वर आणायचा हेतू चांगला आहे. डोंगरात तरुण पाय लागतात. पण चार वर्षांनी चौघांपैकी एकालाच ठेवायचं असेल तर साधं गणित मांडून पाहावं लागेल. पहिल्या वर्षी तिन्ही दलांत मिळून 46 हजार अग्निवीर घ्यायचे होते. त्यांच्यातले कायम होणार साडेअकरा हजार. पूर्वी वर्षाला पन्नास-साठ हजार जवान भरती होत आणि बहुतेक सगळे पंधरा वर्षं टिकत, त्यातून निवडून हवालदार केले जात. आता निवडायला मागं उरणार किती? भरतीचा आकडा वाढवून ही पोकळी निम्मीच भरते, कारण चार वर्षांचे कितीही जवान एकत्र केले तरी त्यातून पंधरा वर्षांचा एक होत नाही. 2022 मध्ये मुंब्र्याला भरती मेळाव्यात धावलेल्या मुलांपैकी जे निवडले गेले, त्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतील. चौथा हिस्सा हे प्रमाण वाढवावं अशी चर्चा अधूनमधून ऐकू येते. ते वाढवायचं की नाही हे पेन्शनच्या तक्त्यावरून ठरेल की हवालदारांच्या गरजेवरून, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे.

माझी मागणी अवाजवी नाही. सैन्य कमी करायचं असेल तर खुशाल करा, पण ठरवून करा आणि सांगून करा. दरवर्षी अंदाजपत्रकाबरोबर एक तक्ता सभागृहात ठेवा: मंजूर संख्या किती, प्रत्यक्ष किती, आणि त्यात दहा वर्षांपेक्षा जास्त सर्व्हिस झालेले किती. शत्रूला माहिती मिळेल ही सबब इथं चालणार नाही. एक लाखाची तूट आज वर्तमानपत्रांत छापून येतेच आहे. जुनं विमान, जुनं जहाज, जुनी तुकडी काढण्याआधी तिच्या जागी काय येणार आणि केव्हा, हे त्याच आदेशात लिहा. माझगावसारख्या ठिकाणी दोन मालिकांच्या मध्ये कुशल माणसं हातची जाऊ नयेत म्हणून काम चालू ठेवायला जो खर्च येईल, तो उधळपट्टीच्या रकान्यात टाकू नका.

ठाणे, कल्याण आणि भिवंडी या मतदारसंघांतून आपण तीन खासदार पाठवतो. लेखी प्रश्न विचारायला त्यांना काही खर्च येत नाही. 2035 मध्ये लष्कराला किती हवालदार लागतील आणि आज भरती होणाऱ्यांतून त्यातले किती मिळतील, एवढंच विचारायचं आहे. उत्तरात आकडा आला तर त्यावर आपण वाद घालू. 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असं आलं, तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा टाकावा.